बावडा सोडून कुठंही

"बावडा सोडून कुठंही," पार्श्वनाथ मगदूम म्हणाले आणि त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत असा दाबून बुडवला, की विषयही त्याच्याबरोबर तळाला जावा.

सुरेखाबाईंचा हात तव्यावरच थांबला. अंगावरून वारं गेल्यापासून या माणसानं कशाला म्हणून नको म्हटलं नव्हतं. चाकाच्या खुर्चीला नाही, दुधीच्या रसाला नाही, सुनेनं आणलेल्या गुलाबी टॉवेललासुद्धा नाही. एके काळी आण्णा मगदूम शाहूपुरीच्या नाक्यावर बोलायला लागले की टपरीवरचा चहा निवायचा, पुन्हा उकळायचा आणि पुन्हा निवायचा, तरी गोष्ट विहिरीच्या काठावरच असायची. आण्णांनी अजून सूर मारलेला नसायचा. ते आण्णा दिवाळीच्या आधीपासून 'बरं' आणि 'चालंल' या दोन शब्दांवर दिवस काढत होते. आणि आज एकदम पुरं वाक्य, तेही नकाराचं.

"का पण?" दीपानं विचारलं. ही थोरली सून. बँकेत कर्जाचे अर्ज वाचून वाचून तिला कुठल्याही नकाराचं कारण लागायचं.

"लांब पडतंय."

"परवा वारणानगर चालेल म्हणालात. ते काय आपल्या गच्चीवरून दिसतं?"

"बावड्याला मळीचा वास असतोय," सम्मेद मध्येच म्हणाला. "कारखाना सुरू हाय. आण्णांना सोसायचा न्हाय."

सुरेखाबाईंनी आता थोरल्या लेकाकडं बघितलं. लहानपणी हा पोरगा त्याच मळीच्या वासात घोरत पडायचा. वास आला नाही तर उठून बसायचा. बापानं नको म्हणावं हे एक, आणि बापाचं वाक्य संपायच्या आत लेकानं त्याला टेकू द्यावा हे दुसरं. या दोघांचं एकमत शेवटचं झालं होतं ते बावड्याची जमीन विकताना. त्यानंतर दुकानाच्या पाटीच्या रंगावरूनसुद्धा कधी झालं नव्हतं.

त्यांना वाटलं, कारण आपण आहोत. बावड्याचं नाव आपल्याला सोसत नाही म्हणून हे दोघं आडवे पडतायत. त्यांना भरून आलं.

"माझ्यासाठी म्हणत असाल तर नका म्हणू," त्या म्हणाल्या. "तुमच्या पायासाठी मी बावड्याला जाईन."

आण्णांना ठसका लागला. तो बराच वेळ टिकला.

घर हवं होतं ते पायासाठीच. डॉक्टरांचं म्हणणं असं, की छातीएवढ्या पाण्यात रोज चालवा. पाण्यात माणसाचं वजन पाणी उचलतं आणि पायाला चालायची पुन्हा आठवण येते. पण उन्हाळ्याच्या आत सुरू करा. एकदा पाय विसरला तो विसरला. महापालिकेच्या तलावावर एकदा आण्णांना नेलंही होतं. ते फाटकातूनच परतले. "अर्ध्या गावानं मला सूर मारताना बघितलंय," गाडीत ते म्हणाले होते, "आता ही काडी बघायला तिकीट लावू काय?" डावा पाय खरंच काडी झाला होता.

मग भाड्याचं घर, गावाबाहेर, पोहण्याचा तलाव असलेलं. त्यात सुरेखाबाईंची अट: तलावात औषध घातलेलं नको. "जिथं जीव मारून पाणी निळं केलंय, तिथं माझा माणूस बरा व्हायचा न्हाय." धाकटा वृषभ पुण्याहून रजा काढून आला होता. तो म्हणाला, आई, औषध नसलेला स्विमिंग पूल म्हणजे डबकं. सुरेखाबाई म्हणाल्या, मग डबकं बघ.

जोतीराम दलालानं पहिलं घर दाखवलं त्या तलावात पाच म्हशी बसल्या होत्या. मालक म्हणाला, "त्या पाचला भाईर येत्यात, मग सगळा तुमचाच की." दुसऱ्या घरचा तलाव एवढासा, की आण्णा त्यात उतरले असते तर पाणी शेजारच्या बंगल्याच्या दिवाणखान्यात गेलं असतं. तिसरं घर देखणं होतं. फरशी अशी, की आपलाच चेहरा बघून माणसानं नमस्कार करावा. सुरेखाबाईंनी पिशवीतून तांब्या आणि गाळणं काढलं, तलावाचं पाणी फडक्यातून गाळलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "ह्यात परत सोडायला काही शिल्लकच न्हाय."

जोतीराम त्यांच्याकडं बघतच राहिला. त्याला ती रीत ठाऊक नव्हती. मगदुमांचं घर जैनाचं, पाणी गाळून पिणारं. पण नुसतं गाळून भागत नाही. फडक्यात जे बारीक जीव अडकतात ते फडकं उलटं करून, त्यावर गाळलेलं पाणी ओतून, ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात अलगद परत सोडायचे. त्याला जीवाणी म्हणतात. हुपरीच्या माहेराहून सुरेखाबाई बावड्याच्या मळ्यावर सून म्हणून आल्या, त्या दिवसापासून रोज पहाटे त्यांनी मळ्यातल्या विहिरीत जीवाणी सोडली होती. वरून ओतायची नाही, जिवांना आपटायचं नाही. तळाला कडी असलेली लहानशी बादली दोरीनं पाण्यापर्यंत उतरवायची आणि तिथं हलकेच पालथी करायची. जमीन विकली तेव्हा बिऱ्हाड शाहूपुरीत आलं, तरी त्या महिनाभर पहाटेच्या बसनं मळ्यावर जात राहिल्या, घरातली जीवाणी तांब्यात घेऊन. मग एका संध्याकाळी आण्णांनी घरी येऊन सांगितलं, की नव्या मालकानं विहीर बुजवली.

सुरेखाबाई त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गूळ सोडला. कारण कुणाला सांगितलं नाही. घरच्यांना वाटलं, साखरेचं दुखणं असेल. तपासलं तर साखर ठणठणीत. कोल्हापुरात राहून गूळ न खाणारी बाई तोवर कुणी बघितली नव्हती. शेजारणी पाहुण्यांना अंबाबाई दाखवून झाली की येताना ह्यांच्या दारावरून न्यायच्या. ह्याला एकोणीस वर्षं झाली. आणि त्या एकोणीस वर्षांत बावड्याकडं तोंड करून सुरेखाबाईंनी साधी रिक्षासुद्धा थांबवली नव्हती.

"औषध नाही, म्हशी नाहीत, पाणी छातीएवढं," दीपा म्हणाली. "जोतीराम म्हणतो, आईंच्या अटीत बसणारं अख्ख्या जिल्ह्यात एवढं एकच घर आहे. आज चारला जायचं."

"मला दुकानात माल उतरवायचाय," सम्मेद म्हणाला.

"मी उतरवलाय सांगून तुमच्या माणसाला."

गाडीत आण्णांनी मफलर गुंडाळला, वर तोंडाला मास्क लावला आणि त्यावर काळा चष्मा चढवला. माघाची थंडी सरत आली होती. उकडायला लागलं होतं.

"आण्णा, तुम्ही दरोडा घालायला निघालायसा का घर बघायला?" वृषभनं विचारलं.

"धूळ हाय."

सुरेखाबाई खिडकीतून बघत होत्या आणि त्यांना काहीच ओळखू येत नव्हतं. जिथं आडसाली ऊस उभा असायचा तिथं आता कमानी होत्या, कमानींवर सोनेरी अक्षरं होती आणि आत एकाला एक चिकटलेल्या गॅलऱ्यांत कपडे वाळत होते. ओळखीचं म्हणायला दूर कारखान्याचं धुराडं तेवढं होतं. मळीचा वास आला. पुढच्या सीटवर सम्मेद मान खाली घालून मोबाइल बघत होता. मोबाइल बंद होता.

फाटकाशी जोतीराम उभा होता आणि त्याच्या शेजारी घराची मालकीण. धोंडुबाई, ऐंशीच्या घरातली, नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकवाचं जुनं गोंदण.

"या पावणं, या. लेक माझा अमरसिंह तिकडं दुबईला गेलाय बायकापोरं घिऊन. यवढं घर मला काय करायचंय? मी मागं ऱ्हाते, दोन म्हशी हायत्या माझ्या. तुमच्या आंगावर यायच्या न्हाईत. मी बी न्हाई."

तेवढ्यात मागून एक तांबडं कुत्रं भुंकत आलं. दीपा किंचाळून वृषभच्या मागं लपली. कुत्रं वृषभवर भुंकलं, जोतीरामवर भुंकलं, दीपाच्या पर्सवरसुद्धा भुंकलं; आणि खुर्चीतल्या आण्णांपाशी आलं तेव्हा त्याचा आवाज मध्येच कापल्यासारखा बंद झाला. शेपूट हलवता हलवता त्याचं मागचं अर्धं अंगच हलायला लागलं. दोन्ही पाय त्यानं आण्णांच्या मांडीवर टाकले आणि मास्क चाटायला सुरुवात केली.

"हाड," आण्णा पुटपुटले. "हाड की रं टिप्या."

सुरेखाबाईंनी ते ऐकलं.

"नाव कसं कळलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"कुत्र्याचं नाव दुसरं काय असणार," आण्णा म्हणाले आणि चष्मा नीट केला.

घर चांगलं होतं. चार खोल्या, हवा खेळती, न्हाणीघराला बाहेरून वाट, खुर्ची सरळ आत जाईल अशी. दीपा प्रत्येक खोलीत जाऊन "आई, बघा" म्हणत होती. सम्मेद प्रत्येक खोलीत जाऊन ओल शोधत होता आणि ती नसली की नाराज होत होता. "बघूया की अजून," तो म्हणायचा, "घाई काय?" वृषभ आतापर्यंत सगळ्याला हसत होता, तोही आता भावाकडं टक लावून बघायला लागला. घर नको म्हणणारा माणूस घराकडं बघतो. हा घराकडं बघतच नव्हता. हा आईकडं बघत होता.

"तलाव मागं हाय," धोंडुबाई म्हणाल्या, "चला."

मागच्या बाजूला लिंबाची गर्द झाडी, तिच्या पलीकडं पाणी. निळं नव्हतं. गडद होतं, पण इतकं नितळ, की लिंबाची फांदी पाण्यात बघून तिच्यावरची पिकलेली लिंबं मोजावीत. एका कडेनं पाणी थोडं थोडं ओसंडत होतं आणि पाटानं मागच्या उसात जात होतं.

"औषध घालत न्हाई मी," धोंडुबाई सांगत होत्या. "लेक लई म्हणतोय घाल, घाल. पाणी जातंय उसाला, म्हशी पित्यात, त्यास्नी औषध पाजू व्हय?"

सुरेखाबाईंचं मन पहिल्यांदा हलकं झालं. त्यांनी पिशवीतून तांब्या, गाळणं आणि वाटी काढली. पाणी काढलं, तांब्याच्या तोंडावर दुहेरी फडकं धरून गाळलं, मग फडकं वाटीवर उलटं करून गाळलेल्या पाण्यानं धुतलं. वाटीत जीवाणी उतरली. ती पाण्याजवळ नेऊन सोडायची म्हणून त्या काठावर एक पायरी उतरल्या आणि आधाराला त्यांनी न बघताच डावा हात लांबवला.

हाताला कडी लागली.

लोखंडाची, दगडात शिसं ओतून बसवलेली, अंगठा मावेल एवढी. खालच्या बाजूनं डावीकडं झिजलेली. तिथं जीवाणीच्या बादलीची दोरी घासायची.

सुरेखाबाई तशाच वाकून राहिल्या. हात काढावा असं त्यांच्या मनात होतं. हात ऐकत नव्हता. त्यांनी कडीभोवतीचा दगड चाचपला. मोटेचं पाणी ज्यात कोसळायचं ते थारोळं, कडेचा कोपरा फुटलेलं. आण्णांनी लग्नाच्या वर्षी पैजेवर सूर मारला तेव्हा टाच लागून तो कोपरा फुटला होता. निदान आण्णा तरी तसं सांगत. त्याच्यावर आता गुळगुळीत फरशी बसवली होती, पण फुटका कोपरा तसाच बाहेर राहिला होता.

"ही विहीर हाय," त्या म्हणाल्या.

"व्हय की," धोंडुबाई म्हणाल्या. "विहीरच. तळाला भर घातली, वर कोबा केला, फरशी लावली. झरा तेवढा मोकळा सोडलाय त्या अंगाला. त्यो बुजवला असता तर मी लेकाला घरात घेतला नसता."

"कुणाची विहीर?"

"आता आमचीच. मालकांनी घेतलीती, मगदुमाकडनं."

जोतीराम हसला. "काय योगायोग. पावणं बी मगदूमच."

धोंडुबाईंनी डोळे बारीक केले. त्या सरळ खुर्चीपाशी गेल्या आणि एखाद्या पोराच्या डोक्यावरून टोपरं ओढावं तसा त्यांनी आण्णांचा मफलर खाली ओढला. मग मास्क. मग चष्मा.

"आण्णा? आन तोंड कशाला बांधलंया? दरसाल दिवाळीच्या पाडव्याला म्हस बघायला येतायसा, अवंदा आला न्हाईसा. मी म्हशीचा हार काढून तसाच ठेवला, मगदूम आण्णा येतील म्हणून. आन ही खुर्ची कुठनं आली?" तेवढ्यात त्यांची नजर सम्मेदवर पडली. "ह्यो बी हाय व्हय. तू बसवलेला पंप गुरगुरतोय रं. दोनदा फोन केला दुकानात."

कुत्रं तेवढं आण्णांच्या पायाशी आडवं झालं.

सुरेखाबाई सरळ उभ्या राहिल्या. वाटी त्यांच्या हातातच होती. "तुम्ही म्हणालासा, बुजवली."

आण्णांनी तोंड उघडलं. ज्या तोंडातून उभ्या जन्मात गोष्टीची कमी पडली नव्हती त्या तोंडातून हवा तेवढी बाहेर आली.

"आई, मी सांगतो," सम्मेद पुढं झाला.

"तू थांब," दीपा म्हणाली. लग्नाला बारा वर्षं झाली, ह्या सुरात ती नवऱ्याशी कधी बोलली नव्हती. ती चालत गेली आणि सासूच्या शेजारी उभी राहिली. "तुम्हाला माहीत होतं? मी महिनाभर घरं शोधतेय. तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मळीचा वास म्हणालात?"

"मला तरी कुठं माहीत होतं," वृषभ म्हणाला. रागावं कुणावर हे त्याचं अजून ठरत नव्हतं.

"तू बाहुबलीला होतास वसतिगृहात."

"वसतिगृहाला पत्र जात नव्हतं काय, दादा?"

धोंडुबाई या सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत होत्या. घरातलं काहीतरी उघडं पडलंय एवढं त्यांना कळलं. आपणच ते उघडं केलंय हे कळलं नाही. आणि बोलायला लागलेल्या धोंडुबाईंना थांबवणारं माणूस अजून बावड्यात जन्माला यायचं होतं.

"त्यांचा काय दोष न्हाई ओ," त्या दीपाला म्हणाल्या. "त्येंच्या बायकूपायी झालं समदं. जमीन इकल्यावर बी ती यायची म्हणं पहाटं पहाटं. मी गावातल्या घरात हुते, मी काय बघितली न्हाई. पर आमच्या मालकांनी बघितली. तांब्यातनं आणून कायतरी सोडायची विहिरीत, तोंडानं पुटपुटायची. आन त्याच म्हैन्यात आमची गाभण म्हस गाभडली. मालकांचं डोस्कं फिरलं. करणी करतीया म्हणाले. मगदुमाची बाई करणी करतीया माझ्या गोठ्यावर. उद्या दिसली तर गावासमोर उभी करतो म्हणाले."

लिंबाच्या झाडीतून एक पाखरू उडालं.

"मग ह्ये आलं, आण्णा. भर दुपारचं. आमच्या उंबऱ्यात बसून मालकांचं पाय धरलं ओ ह्येंनी. यवढा उंचापुरा गडी. म्हणाले, ती पुन्हा येणार न्हाई, मी बघतो. पर सयाजीराव, ह्यो शब्द तिच्या कानावर घालू नका. तेवढं पाळा." धोंडुबाईंनी पदरानं नाक पुसलं. "मालकांनी पाळलं. मरस्तवर पाळलं. कुठं हाय आता ती बाई? हाय न्हवं?"

"हाय," सुरेखाबाई म्हणाल्या. "ही काय उभी हाय."

धोंडुबाईंचा पदर नाकापाशीच राहिला.

सुरेखाबाईंना कुठलाच शब्द धड लागत नव्हता. करणी. ज्या हातांनी मुंगीला धक्का लागू दिला नाही, सांडलेल्या पाण्याच्या थेंबाला नवकार म्हटला, त्या हातांना. आणि पाय धरले. ह्या माणसानं. कुस्तीत हरल्यावर वस्तादाच्या समोरसुद्धा मान वर ठेवणाऱ्या माणसानं कुणाच्या तरी उंबऱ्यात बसून पाय धरले, आणि घरी येऊन आमटीत मीठ कमी आहे म्हणाला. त्यांना आठवलं. त्या संध्याकाळी खरंच तसं म्हणाला होता.

"मला सांगायला काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस," आण्णा म्हणाले. "त्याच्याशी भांडायला न्हवं, समजावून सांगायला गेली असतीस. तांब्या घेऊन."

हे खरं होतं. त्यामुळं सुरेखाबाईंना आणखीच राग आला.

"मी गूळ का सोडला, ठाऊक हाय तुम्हाला?"

"मला वाटलं, वीट आला असंल."

"कोल्हापुरात?"

आण्णांनी मान खाली घातली.

"तुम्ही म्हणालासा, बुजवली. रोज हातानं सोडलेले जीव, त्यांच्यावर माती पडली. मी मंदिरात जाऊन बोलले, ते पाणी पुन्हा डोळ्यांना दिसलं तर गूळ तोंडात घालीन."

"आई, पण बुजवलेल्या विहिरीचं पाणी दिसणार कसं?" वृषभ म्हणाला.

"म्हणूनच."

वृषभ आईकडं बघत राहिला. मग तोही जाऊन दीपाच्या बाजूला उभा राहिला. आता पाण्याच्या एका अंगाला तिघं होती आणि दुसऱ्या अंगाला खुर्चीतला बाप, त्याच्या मागं सम्मेद आणि कुत्रं. जोतीराम मधे, पाटापाशी. आपण कुठल्या बाजूचे हे दलालाला ठरवावं लागत नाही, पण त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

धोंडुबाई गोठ्याकडं गेल्या होत्या. रागावून गेल्या की लाजून, कुणाला कळलं नाही. परत आल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर गुळाचा खडा होता, लहान मुलाच्या मुठीएवढा.

"कालच्या गुऱ्हाळाचा हाय. ह्याच पाण्याच्या उसाचा," त्या म्हणाल्या. आवाज बसला होता. "आक्का, मी काय तोंडानं बोलू? मालक मेलं. मी हाय. खा यवढा."

सुरेखाबाईंनी खडा घेतला. अजून मऊ होता, सोनेरी, बोटांना चिकटणारा. एकोणीस वर्षांचा वास एकदम नाकात शिरला. सगळे बघत होते. दीपानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्यांनी सूर्याकडं बघितलं. तो धुराड्याच्या वर वीतभर होता. दिवस बुडाल्यावर त्या तोंडात काही घालत नसत, औषधसुद्धा नाही, हे घरातल्या भांड्यांनाही ठाऊक होतं.

मग त्या कडीपाशी वाकल्या, वाटी पाण्याला टेकवली आणि जीवाणी सोडली. अलगद, आवाज न होता. उठल्या, आणि पाण्याला वळसा घालून पलीकडच्या काठावर जाऊन उभ्या राहिल्या.

"उतरा," त्या म्हणाल्या.

"आत्ता?" आण्णा म्हणाले. "कपडे..."

"ह्या काठापर्यंत चालत या. तुम्ही आलासा की मी गूळ खाते. न्हाय आला, तर न्हाय खात."

"सुरेखा, दिवस..."

"बोलू नका. चाला."

सम्मेद आणि जोतीरामनं खुर्ची कडीच्या अंगाच्या पायऱ्यांपर्यंत नेली. वृषभ पॅन्टसकट पाण्यात उतरला आणि गारठ्यानं ओरडला. आण्णांनी सदरा काढला, मग विजारही. काडीसारखा पाय सगळ्यांना दिसला; धोंडुबाईंनाही दिसला, जोतीरामलाही. आण्णांनी या खेपेला कुणाकडं बघितलं नाही. ते त्या काठाकडं बघत होते.

सम्मेदनं वरून आणि वृषभनं खालून धरून त्यांना उतरवलं. पाण्यानं त्यांना छातीपाशी धरलं. काठी नव्हती, खुर्ची नव्हती. उजवा पाय पुढं पडला. डावा नुसता मागून ओढला गेला, ओल्या पोत्यासारखा. पुन्हा उजवा. वृषभनं हात पुढं केला तर आण्णांनी तो झटकला.

"ह्याच जागी मी त्या आंब्यावरनं सूर..." ते सुरू झाले.

"आंबा नव्हता इथं कधी. चाला."

धोंडुबाई काठाकाठानं त्यांच्या बरोबर चालल्या होत्या. "या आण्णा, या. असं. म्हशीगत रवंथ करू नका मधीच." सूर्य धुराड्याला टेकला. सम्मेद पाण्याच्या कडेला गुडघ्यांवर बसला होता आणि बापाचा डावा पाय बघत होता. आणि मध्यावर, जिथं झऱ्याचं पाणी खालून वर येत होतं, तिथं तो पाय उचलला गेला. ओढला नाही, उचलला. गुडघा वाकला, पाऊल पुढं गेलं आणि फरशीवर टेकलं.

"दादा," वृषभ हळूच म्हणाला, "बघितलंस?"

सम्मेद गुडघ्यांवरच पुढं सरकला. दीपा वळसा घालून त्याच्या शेजारी जाऊन बसली.

आण्णा यायला लागले. पाणी त्यांच्या पुढं सरकत होतं, ओठ निळे पडले होते, आणि डोळे सुरेखाबाईंच्या मुठीवर होते. मुठीत गूळ पाझरत होता. बोटांमधून मनगटाकडं एक सोनेरी ओघळ चालला होता. अर्धं बिंब गेलं. पाव उरलं. काठ हातभर राहिला होता.

"दिवस गेला," जोतीराम म्हणाला.

धुराड्यामागं नुसता तांबडा धूर होता. आण्णांनी हात लांब करून काठ धरला आणि धापा टाकत वर बघितलं. सुरेखाबाई खाली बघत होत्या. गेल्या एकोणीस वर्षांत त्यांनी या माणसाला इतका वेळ कधी बघितलं नव्हतं.

त्यांनी पदराचं टोक ओढलं, गुळाचा खडा त्यात ठेवला आणि गाठ मारली. घट्ट, दोनदा.

"आई," दीपा म्हणाली, "एवढंच तर राहिलं होतं."

"म्हंजे पावण्यांनी," जोतीरामनं हळूच धोंडुबाईंना विचारलं, "घर घेतलं म्हणायचं का न्हाई?"

आण्णा पाण्यातूनच बायकोकडं बघत होते. दात वाजत होते, तरी चेहऱ्यावर जुनं काहीतरी परत आलं होतं. नाक्यावर गोष्ट सुरू करायच्या आधी यायचं तसं.

"उद्या किती वाजता?" त्यांनी विचारलं.

सुरेखाबाईंनी मनगटावरचा गुळाचा ओघळ पाण्यात धुतला.

"दिवस असताना," त्या म्हणाल्या.